दोघींचा ओटा

दुबईत असताना अनुराधा सबनीसचं काम म्हणजे लोकांच्या घरात सोनं कुठे लावायचं ते ठरवणं. दागिन्यांचं नव्हे, वर्खाचं. दिवाणखान्याच्या छतावर, आरशाच्या चौकटीवर, सोफ्याच्या हातांवर, इतकंच काय पण एका घरात न्हाणीघराच्या नळांवरसुद्धा तिनं सोनं चढवलं होतं. मुंबईत इंटिरिअरचा डिप्लोमा केलेली, दादरच्या दोन खोल्यांत वाढलेली ही बाई. पण आठ हजार चौरस फुटांच्या घराला किती झुंबरं लागतील हे ती जिना चढताचढता सांगायची. ऑफिसात सँपलच्या दोन कपाटांवर दोन पाट्या होत्या, एकीवर 'क्लासिक' आणि दुसरीवर 'मॉडर्न'. आलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचं, यातलं कुठलं हवं? आइस्क्रीमचा फ्लेवर विचारावा तसं. मॉडर्न म्हणजे सरळ रेषा, काच, स्टील आणि पांढरा रंग, एवढीच अनुराधाची समजूत होती आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं.

मग २००८ चा हिवाळा आला. आधी फोन कमी झाले, मग क्रेन थांबल्या. एका दुपारी मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतःच्या टेबलाकडे बघत तो म्हणाला, "अनु, हबीबी, सगळे प्रोजेक्ट होल्डवर आहेत. इट्स नॉट अबाउट यू." तिनं मान डोलावली. खाली येऊन गाडीत बसली तेव्हा लक्षात आलं, सोफ्याच्या कापडाची सँपलं आपल्या हातातच राहिलीत. परत द्यायला वर जाण्याचं बळ तिच्यात नव्हतं.

नवऱ्याची, सूर्यकांतची नोकरी टिकली, पण दुबईतली नाही. तो बांधकाम कंपनीत इंजिनिअर. कंपनीनं त्याला अबुधाबीजवळच्या मुसाफात एका साइटवर पाठवलं. अबुधाबीत अजून काम होतं आणि म्हणूनच भाडी आभाळाला भिडली होती. शेवटी मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाचा तुकडा मिळाला. मालकानं एका मोठ्या घरात जिप्समच्या भिंती घालून त्याची बरीच घरं केली होती. पुढच्या बैठकीत एक कुटुंब, वर तिघं बॅचलर, आणि मागच्या बाजूला दोन दोन खोल्यांची दोन बिऱ्हाडं. त्यातलं एक सबनिसांचं आणि दुसरं पारकरांचं. या मागच्या दोघांना मिळून स्वयंपाकघर एक. स्वयंपाकघर कसलं, मोलकरणीची खोली आणि बोळ यांच्यामधली भिंत पाडून झालेली एक लांबोडकी जागा. त्यात एक सिंक, दोन शेगड्या आणि एक डुगडुगतं टेबल.

"ममा, वुई आर शेअरिंग अ किचन? लाइक अ हॉस्टेल?" अकरा वर्षांच्या अस्मीनं दारातूनच विचारलं.

"थोडे दिवस," अनुराधा म्हणाली. आखातात सगळेच सगळ्याबद्दल असंच म्हणतात.

मोहिद्दीन पारकर मुसाफातल्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता. मुरुडकडचा कोकणी माणूस, कमी बोलणारा. त्याची सगळी बोलण्याची हौस बायकोनं, मैमुनाबीनं, भागवून घेतली होती. चाळिशी उलटलेली, ठेंगणी, डोक्यावर ओढणी आणि हातात सतत काहीतरी सोलायचं. पहिल्याच सकाळी तिनं अनुराधाच्या हातातलं पापलेटाचं पाकीट काढून घेऊन वास घेतला आणि निकाल दिला, "गो बाय, ह्यो मासा तुज्या लग्नातला दिसतोय." अनुराधाला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

तरी त्या जागेत दोघींचं जमेना. मैमुनाबीचं भाताचं पातेलं एवढं, की ते टेबलावर आलं की पोळपाटाला जागा नाही. अनुराधा वळली की कोपर कुणालातरी लागणार. मीठ नेहमी दुसऱ्या टोकाला. कुणी भांडत नव्हतं, पण सगळ्या आवाजांना धार आली होती. आणि अनुराधाला तर दिवसभर घरात असण्याची सवयच नव्हती. सकाळी सूर्यकांत आणि अस्मी गेले की ती त्या डुगडुगत्या टेबलाकडे बघत उभी राहायची. अशाच एका सकाळी तिला कॉलेजमधलं ते लेक्चर आठवलं.

डिझाइनचा इतिहास शिकवणाऱ्या बाई दुपारी पडदे ओढून स्लाइड दाखवायच्या आणि वर्ग झोपायचा. अनुराधाही झोपायची. पण एका स्लाइडला ती जागी होती, कारण त्यात स्वयंपाकघर होतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीत लोकांना राहायला घरं नव्हती. फ्रँकफर्ट शहरानं हजारो लहान लहान घरं बांधायला काढली आणि त्यांचं स्वयंपाकघर आखायचं काम व्हिएन्नाच्या एका तरुण स्त्री आर्किटेक्टला दिलं. तिनं रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघर नमुना म्हणून घेतलं. जेमतेम दोन मीटर रुंदीची खोली. खिडकीखाली कामाचा ओटा, साली ढकलायला ओट्यातच खाच, तांदूळ-साखरेला ओतायची चोच असलेले अ‍ॅल्युमिनियमचे डबे, बसून काम करायला फिरतं स्टूल. हात लांबवला की वस्तू मिळाली पाहिजे.

अनुराधानं सामानाचं एक खोकं फाडलं आणि त्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं आखायला घेतलं. नोकरी गेल्यापासून तिनं रेघ ओढली नव्हती. दुपारी मैमुनाबी आली तेव्हा जमिनीवर सहा पुठ्ठे पसरलेले होते.

"ह्यो काय पसारा?"

"भाभी, आपलं किचन."

मोहिद्दीननं पुठ्ठे उचलून नीट पाहिले. त्याच्या वर्कशॉपला एका हॉटेलचं काम मिळालं होतं, ते अर्ध्यावर रद्द झालेलं. कापलेलं प्लायवूड भिंतीला टेकून पडलं होतं. मालकाला विचारून त्यानं ते आणलं. पुढचे काही शुक्रवार व्हिलाच्या मागच्या अंगणात करवतीचा आवाज होत राहिला. सूर्यकांत लेव्हल धरायचा, अस्मी सँडपेपर घासायची आणि दर थोड्या वेळानं "आर वुई डन?" विचारायची. शेवटी सगळं बसलं. निळसर रंग दिला, कारण फ्रँकफर्टलाही निळाच होता. निळ्यावर माश्या बसत नाहीत असा त्या काळी समज होता. बोळात वास आणि धूर जाऊ नये म्हणून सरकतं दारही लावलं.

सूर्यकांतनं आत जाऊन स्टुलावर गिरकी घेतली. "एकदम पँट्री कार वाटतंय गं."

"तिथूनच आलंय ते!" अनुराधा म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी तिच्या आवाजात पूर्वीची ऐट आली.

जागा एकीपुरतीच होती, म्हणून वेळा वाटून घेतल्या. सकाळी आधी अनुराधा, मग मैमुनाबी, संध्याकाळी उलट. कोपर लागणं बंद झालं. मीठ हाताशी आलं. अनुराधाचा स्वयंपाक पूर्वीच्या निम्म्या वेळात व्हायला लागला आणि उरलेल्या वेळाचं करायचं काय हे मात्र तिला कळेना. ती नोकरीसाठी ईमेल पाठवायची. उत्तरं येत नसत. घरात इतकी शांतता असायची की फ्रिज बंद-चालू झालेला कळायचा.

"आंटी अँड यू हॅड अ फाइट?" अस्मीनं एकदा विचारलं.

"नाही गं. का?"

"नथिंग. शी यूज्ड टू सिंग."

खरंच की. मैमुनाबी भाजी चिरताना काहीबाही गुणगुणायची, ते शेवटचं कधी ऐकलं ते अनुराधाला आठवेना.

एका सकाळी आणखी एका कंपनीचा नकार आला. अनुराधा तिच्या सुबक निळ्या स्वयंपाकघरात डाळ निवडायला बसली आणि बघता बघता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आवाज होऊ नये म्हणून तिनं पदरच तोंडात धरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग सरकतं दार हळूच बाजूला झालं. दारात मैमुनाबी, काखेत भाताचं पातेलं.

"मगापासनं उभी आहे गो. ऐकत्येय."

"मग आत यायचं ना, भाभी!"

"येऊ कुठनं?" मैमुनाबी म्हणाली. "जागा ठेवलीस कुठं?"

अनुराधानं पाहिलं. ती स्टुलावर, पाठीला कपाट, गुडघ्याला ओटा. आत दुसरं माणूस उभं राहायला खरोखरच जागा नव्हती. तिनंच मोजून तशी आखली होती.

मैमुनाबीनं तिला मनगटाला धरून बाहेर काढलं. दोघी बोळात चटईवर बसल्या, डाळीचं ताट मध्ये घेतलं. आणि डाळ निवडता निवडता मैमुनाबीनं, एवढ्या महिन्यांत कधी न काढलेला विषय काढला. १९९० साली ती आणि मोहिद्दीन कुवेतमध्ये होते. नवीन लग्न. ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे आले आणि दोन दिवसांत सगळं होत्याचं नव्हतं झालं. बसमधून बसरा, बगदाद आणि तिथून जॉर्डनच्या सरहद्दीपर्यंत. तिथे उघड्या वाळवंटात तंबूंची छावणी. हजारो माणसं, भारताच्या विमानाची वाट बघत.

"शिधा मिळायचा थोडा. पन शिजवनार कशात? मोहिद्दीननी फळ्या ठोकून एक पेटी केली. आत चूल, वर झाकान, वाळू येऊ नये म्हनून. सगळ्यांत आधी ज्या बाया एकेकट्या चुलीशी बसल्या ना, त्या रडायच्या. रांधायला बसलं की घर आठवतं. मग एक मलबारी म्हातारी होती, ती म्हनाली, कुनाला एकटीला बसवायचं नाय. दोघी इकडनं, दोघी तिकडनं, पेटी मधी. एकमेकींची तोंडं दिसली पायजेत." मैमुनाबीनं एक खडा काढून बाजूला टाकला. "त्या पेटीवर आमी हसलो सुद्धा गो. तिथं. त्या हालात."

अनुराधा डाळ निवडत राहिली. तिच्या डोक्यात दोन लढाया शेजारीशेजारी उभ्या राहिल्या होत्या. एकीनंतर एका हुशार मुलीनं दमून घरी येणाऱ्या बाईची पायपीट वाचावी म्हणून एकटीचं स्वयंपाकघर काढलं. दुसरीत वाळवंटातल्या बायकांनी, माणूस एकटं पडू नये म्हणून, चारचौघींची पेटी केली. दोन्ही गरजेतून आलेली. कॉलेजात तिनं रुंदी आणि उंची पाठ केली होती. कुणासाठी आणि कशासाठी, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

"भाभी," ती नाक पुसत म्हणाली, "मोहिद्दीनभाईंना सांगा, शुक्रवारी करवत काढायची आहे."

मोहिद्दीननं ऐकून घेतलं, फक्त एकदा छताकडे पाहिलं आणि करवत काढली. सरकतं दार गेलं. पाठीमागचं कपाट गेलं. भिंतीचा ओटा सुटून खोलीच्या मधोमध आला, दोन्ही बाजूंनी काम करता येईल असा. एक बाजू अनुराधाला उभ्यानं लाटायला उंच, दुसरी मैमुनाबीला पाटावर बसून चिरायला ठेंगणी. भाताच्या पातेल्यासाठी वेगळा कट्टा. कोपरं पुन्हा लागायला लागली, मीठ पुन्हा हरवायला लागलं, आणि आठवडाभरात बोळातून गाण्याचा आवाज यायला लागला. सूर्यकांत साइटवरून आला की बूट काढायच्या आधी ओट्याशी उभा राहून काहीतरी उचलून तोंडात टाकायचा आणि दोघींच्या शिव्या खायचा.

त्याच सुमारास अबुधाबीतल्या एका लहानशा डिझाइन इन्स्टिट्यूटमधून फोन आला. तिथे डिझाइनचा इतिहास शिकवणारा इंग्रज लेक्चरर मंदीत गाशा गुंडाळून गेला होता. अर्धी टर्म उरली होती आणि विषय होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कला आणि डिझाइन. पार्ट टाइम, पगार बेताचा, येणार का?

"यल्ला, हो म्हण!" सूर्यकांत म्हणाला.

"अरे, मी त्या लेक्चरला झोपायचे."

"मग तुला माहीत असेल मुलं कुठे झोपतात ते."

पहिलं लेक्चर पार आपटलं. तिनं रात्री जागून केलेल्या स्लाइड, सगळे 'इझम', सगळी सालं धडाधड वाचून दाखवली. मुलं इथेच जन्मलेली, वाढलेली. मराठी, मल्याळी, सिंधी, पाकिस्तानी, दोन इमिराती मुली. मागच्या बाकावरच्या सिद्धांतनं, पुण्याच्या आईबापांच्या, पण शारजात वाढलेल्या मुलानं, हात वर केला. "मॅम, इज धिस कमिंग इन द टेस्ट?"

घरी येऊन तिनं ओट्याशी तक्रार केली. मैमुनाबी कोलंबी सोलत होती. तिनं शांतपणे विचारलं, "पन त्या पोरांचा काय संबंध त्याच्याशी?"

अनुराधानं दोन दिवस त्यावर विचार केला. पुढच्या वर्गात तिनं प्रोजेक्टर लावलाच नाही. खुर्ची ओढून मध्ये बसली आणि म्हणाली, "गेल्या दीड वर्षात तुमच्या घरात काय बदललं? सांगायचं नसेल तर नका सांगू."

मग पुढच्या रांगेतली वैभवी म्हणाली, "माय डॅड इज होम नाऊ. मॉम वर्क्स." तिनंच पुढे भर घातली, "डायनिंग टेबल आता मॉमचं ऑफिस आहे. वुई ईट ऑन द फ्लोअर. अ‍ॅक्च्युअली इट्स नाइस." मग एकेकजण बोलायला लागला. कुणाची कामवाली गेली आणि भांडी घासायच्या पाळ्या लागल्या. कुणाचं मोठं फर्निचर नव्या घरात मावेना म्हणून विकलं. कुणाचे काका परत गेले आणि त्यांची खोली भाडेकरूला दिली. सिद्धांत शेवटी म्हणाला, की तो आणि त्याचा भाऊ आता एकाच पलंगावर झोपतात, म्हणून त्यानं मधे पुठ्ठ्याचं पार्टिशन केलंय. त्यात मोबाइल ठेवायला भोक आहे.

"म्हणजे तू डिझाइन केलंस," अनुराधा म्हणाली. "आता ऐका. तिकडेही हेच झालं, फक्त हजार पटींनी मोठं."

आणि ती सांगायला लागली. लढाईच्या आधी खुर्चीच्या पायावर सिंहाचा पंजा कोरायला माणसं होती, तो पुसायला मोलकरणी होत्या आणि तो मावेल एवढे दिवाणखाने होते. चार वर्षांत ती कोरणारी पोरं खंदकांत गेली. मोलकरणी दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या आणि परत कुणाच्या घरी भांडी घासायला फारशा आल्या नाहीत. बायकांनी केस कापले, झगे आखूड केले, कारण यंत्रापाशी लांब झग्यात काम होत नाही. लढाई नको म्हणून स्वित्झर्लंडला पळालेल्या तरुणांनी शहाण्या माणसांच्या जगाचा एवढा धसका घेतला, की ते स्टेजवर मुद्दाम निरर्थक कविता ओरडायचे आणि कागदाचे तुकडे वरून टाकून पडतील तसे चिकटवायचे. खंदकातून जिवंत परतलेल्या चित्रकारांना सुंदर फुलदाण्या काढणं जमेना. त्यांनी हात-पाय तुटलेले सैनिक काढले. आणि हरलेल्या, कंगाल जर्मनीत एक शाळा निघाली. तिथल्या मुलांनी विचारलं, की आता लाकूड नाही, पैसा नाही, नोकर नाहीत, मग खुर्ची कशी असावी? त्यातून वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची आली. "मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होते की प्लेन म्हणजे एक स्टाइल आहे," अनुराधा म्हणाली. "ती स्टाइल नव्हती रे. सगळं गेल्यावर माणसांनी नव्यानं संसार मांडला होता तो."

कुणीही परीक्षेचं विचारलं नाही.

टर्मच्या शेवटी तिनं वर्गातली टेबलं बाजूला सारून जमिनीवर चिकटपट्टीनं फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर खऱ्या मापात आखलं आणि मैमुनाबीला घेऊन गेली. मैमुनाबी आधी नाहीच म्हणत होती. "मी काय बोलू कॉलेजात? खलास, मला नको सांगू." पण त्या दिवशी ईदची ओढणी घालून, डब्यात नारळाच्या वड्या घेऊन तीच गाडीत आधी बसली.

पट्टीच्या आत पाऊल टाकताना तिनं चपला काढल्या. मुलं हसली नाहीत. ती कल्पनेतल्या ओट्याशी उभी राहिली, तांदूळ घेतल्यासारखं केलं, सिंककडे वळली, शेगडीकडे वळली. "बेस आहे," तिनं कबूल केलं. "पाय दुखनार नाय. ह्ये कुनी केलंन?"

"एका मुलीनं. पुढे तिनंच सांगितलं, की हे आखलं तेव्हा ती कधी घर चालवत नव्हती, स्वयंपाकही करत नव्हती."

मैमुनाबी खळखळून हसली. "तरीच एवढं नीटनेटकं!" मग तिचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. तिनं रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. "पन तिचं चुकलं नाय हां. लडाईत घो गेलेला, दिवसभर कारखाना, सांजची घरी येनार, पोर भुकेलं. तिला कुठला वेळ गप्पा मारायला? त्या बाईला ह्या पोरीनी आराम दिलान." तिनं ओढणी सारखी केली. "फक्त ती रडत असंल तर आवाज भायेर जात नसंल."

कुवेतहून परततानाच्या पेटीचं अनुराधानं वर्गाला आधीच सांगितलं होतं. मग सिद्धांतनं हिंदीत विचारलं, "आंटी, आप का किचन कैसा था? कुवेत से आते वक्त?"

ती चौकटीतून बाहेर आली, जमिनीवर बसली आणि चार मुलांना समोरासमोर बसवून मधे आपला डबा ठेवला. पेटी अशी होती, झाकण असं होतं, वारा इकडून यायचा. बोलता बोलता झाकण उघडून वड्या वाटल्या. वैभवी कागद घेऊन पेटीचं चित्र काढत होती आणि दर मिनिटाला "हाइट किती, आंटी?" विचारत होती. मैमुनाबी आपल्या मांडीवर हात ठेवून उंची दाखवत होती. अनुराधा दाराशी उभी होती. आपण काही शिकवत नाही आहोत आणि तरी वर्ग उत्तम चाललाय, याचं तिला फार सुख वाटलं.

व्हिलातलं बिऱ्हाड फार टिकायचं नव्हतंच. पालिकेनं एका घरात अनेक कुटुंबं ठेवायला मनाई केली, तपासण्या सुरू झाल्या आणि मालकानं एका महिन्यात सगळ्यांना जागा सोडायला सांगितलं. जिप्समच्या भिंती पाडल्या तेव्हा तेवढं मोठं घर पुन्हा एकदम मोठं दिसायला लागलं, आणि ओकंबोकं. सबनीस मुसाफाच्या शाबिया वस्तीत एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये गेले. मोहिद्दीनला खोर फक्कानच्या बंदराजवळ लाकडी खोकी बांधण्याच्या कारखान्यात काम मिळालं. निळा ओटा त्यानं स्क्रू काढून ट्रकवर चढवला. अनुराधानंच हट्ट धरला होता, तुम्हीच न्या म्हणून. निरोपाच्या वेळी मैमुनाबी अस्मीजवळ गेली. तिनं अस्मीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि ट्रकच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. अस्मी खोलीत जाऊन दार लावून बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढची दोन वर्षं अनुराधा त्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत राहिली आणि मग कायम झाली. फावल्या वेळात लहान फ्लॅटांची स्वयंपाकघरं आखून द्यायला लागली. गिऱ्हाईक आलं की ती आता कपाट उघडत नसे. घरात कोण कोण आहे, स्वयंपाक कोण करतं, करताना कुणाशी बोलतं, हे विचारायची. काही लोक गोंधळून निघून जायचे. बरेचसे बसायचे आणि भरपूर बोलायचे. तिच्या विषयात तिनं एक धडा वाढवला होता, इथल्या लोकांच्या घरांवर. नव्वद सालचं कुवेत, नंतरची मंदी, त्यात माणसांनी काय मोडलं आणि काय जोडलं. मुलं आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायची. एका इमिराती मुलीनं तेलाच्या आधीच्या दिवसांतली आपल्या आजीची खजुराच्या झावळ्यांची खोली मोजून आणली, उन्हाळ्यात वारा कुठून येई त्याच्या बाणांसकट.

एका फेब्रुवारीत तिनं अख्खा वर्ग बसमध्ये घातला आणि डोंगर ओलांडून खोर फक्कानला नेला. अस्मीही शाळा बुडवून आली. मोहिद्दीनच्या घरामागे समुद्राचा वारा येत होता. मैमुनाबीनं शेजारच्या दोन बायकांना, एक बलुची आणि एक केरळी, आधीच हाताशी धरलं होतं आणि कुणाला कुणाची भाषा येत नसतानाही तिघींचं जोरात चाललं होतं. तिनं अनुराधाला मिठी मारली आणि लगेच दूर करून पाहिलं.

"वाळलीस गो."

"भाभी, चार किलो वाढलेय मी!"

"मग वाळून वाढलीस," मैमुनाबी म्हणाली आणि मुलांकडे वळली. "बसा रे. मासा उभ्यानी खात नाय कुनी."

मुलं दाटीवाटीनं बसली. अस्मी कुणी न सांगता बाह्या सारून वाढायला लागली. अनुराधानं मोहिद्दीनला विचारलं, गुडघे कसे आहेत. तो म्हणाला, ठीक, आणि नेहमीप्रमाणे तेवढ्यावर थांबला. आतून मैमुनाबीचा आवाज आला, सुरमई जळत्येय आणि तू नुसती बघत काय बसलीस. अनुराधा पदर खोचून आत गेली आणि निळ्या ओट्याच्या आपल्या उंच बाजूला उभी राहिली.